तारीख नसलेली साक्ष

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोरांना बाप्तिस्म्याच्या तारखा पाठ असतात. बाबा पदमनजी, 1854. पंडिता रमाबाई, 29 सप्टेंबर 1883. नारायण वामन टिळक, 10 फेब्रुवारी 1895. नगरच्या शब्बाथ शाळेत आम्ही त्या घोकल्या, आणि तारखांबरोबर गोष्टीही. आगगाडीच्या डब्यात टिळकांना भेटलेला तो अनोळखी गोरा प्रवासी, त्यानं हातात ठेवलेला नवा करार, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचं भाकीत. मग सुटलेलं घर, तुटलेले नातेवाईक. केवढं नाट्य!

माझ्या बाप्तिस्म्याची तारीख मला आठवत नाही. ती मंडळीच्या नोंदवहीत असेल. मी तान्ही होते. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं, मी रडले म्हणे, आणि सगळे जेवायला गेले. पुढे दृढीकरणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ केली. पाठांतर चांगलं होतं, त्यामुळे काही जड गेलं नाही. संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना, वडिलांचं लांबलेलं वचनवाचन, नाताळात पेटीतबल्यावर टिळकांची भजनं, करंज्या. ख्रिस्त त्या घरात होताच, पण वडिलांच्या ओळखीचा. मी त्याला वडिलांचे स्नेही म्हणून मान देत होते, इतकंच.

पुण्याला कॉलेजात गेले तिथे एका प्रार्थना गटात पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर विचारलं, ‘तुझं तारण झालंय का?’ हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, ‘कधी?’ तिथे प्रत्येकाकडे साक्ष होती. कुणाची दारू सुटलेली, कुणी आजारातून उठलेला, कुणी आत्महत्येच्या काठावरून परतलेला. माझ्याकडे सोडण्यासारखं व्यसनही नव्हतं. ‘मी ख्रिस्ती घरात जन्मले’ एवढंच म्हणता यायचं, आणि त्यावर समोरचा अशा दयेनं बघायचा की त्यापेक्षा एखादं व्यसन असतं तर बरं, असं वाटावं.

त्या दिवसांत मला आधार दिला तो रमाबाईंनी. शाळेत शिकवतात त्या रमाबाईंनी नव्हे. 1907 साली आपली साक्ष लिहिणाऱ्या रमाबाईंनी. इंग्लंडमध्ये वाँटेजला लेकीसह बाप्तिस्मा घेतलेली ही बाई. तिथल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून ठणकावून सांगत होती की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या ताब्यात देणार नाही. 1889 मध्ये मुंबईत तिनं शारदा सदन काढलं. आणि एवढं सगळं झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी! हे ध्यानात यायला ज्या पुस्तकाचा हात लागला, ते विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र होतं. हा गृहस्थ रीतसर दीक्षित पाळक, आणि त्याचा पालट झाला तो स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच प्रवचन करत असताना. मला या माणसाचं फार हसू येतं आणि त्याच्याविषयी फार आपुलकीही वाटते. रमाबाईंची ओळखीची तारीख 1883 ची, पण त्यांच्या लेखी खरी घडामोड पुढे कधीतरी, गाजावाजा न होता झाली. तारखा पाठ करायला लावणाऱ्यांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

दुसरी एक गाठ मात्र रमाबाईंनाही सुटण्यासारखी नव्हती. ती माझ्या पणजोबांची. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे आलेली बहुतेक माणसं महार-मांग समाजातली. आमचे पणजोबाही तसेच, दुष्काळाच्या दिवसांत आलेले. गावानं म्हटलं, भाकरीसाठी बाटला. हे वाक्य आमच्या घरानं चार पिढ्या ऐकलंय, कधी शिवी म्हणून, कधी थट्टा म्हणून, आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून. म्हणजे माझा विश्वास खरा की खोटा हे तपासायचं, तर आधी त्यांचा तपासावा लागतो. त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लोकांना सुनावतो की तुम्ही मला शोधत आलात ते भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून. पण त्याआधी त्यानं त्यांना पोटभर वाढलेलं असतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पोटासाठी आलेला माणूस नंतर कशासाठी राहिला, हे विचारायची तसदी गावानं कधी घेतली नाही. दुष्काळ सरला, धान्य थांबलं. पणजोबा परत गेले नाहीत. बहुधा ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिलं गेलं, तिथेच त्यांना काहीतरी समजलं असावं. हा माझा अंदाज. पण तो मी सोडायला तयार नाही.

लग्नानंतर, नवऱ्याच्या मानेसरच्या नोकरीपायी, आम्ही गुरुग्रामला आलो. तेव्हा ते गुडगावच होतं. नाव 2016 मध्ये बदललं. मी उद्योग विहारमध्ये हिशेबाचं काम करते. इथे एक विचित्र सोय आहे. मराठी ख्रिस्ती माणसाचं आडनाव त्याला सहसा उघडं पाडत नाही. मल्याळी नर्स मरियम्मा म्हटली की कळतं, मी शिंदे. ऑफिसात नवरात्रात लोक मला विचारतात, ‘आपके यहाँ व्रत कैसे रखते हैं?’ महायाजकाच्या अंगणात येशूला नाकारणाऱ्या पेत्राला त्याच्या बोलीनं पकडून दिलं होतं. माझी बोली मला फक्त मराठी ठरवते. नाकारायला तोंड उघडावं लागत नाही. गप्प बसलं की पुरे. नगरला रविवारी देवळात दिसले नाही तर दुपारपर्यंत कुणी मावशी घरी येऊन थडकायची. इथे मी वर्षभर गेले नाही तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

हरियाणात 2022 पासून धर्मांतराचा कायदा आहे. धर्म बदलणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचं; प्रलोभन गुन्हा. पणजोबांना या कायद्यात कुठे बसवलं असतं, असा विचार अधूनमधून मनात येतो. कायद्यामुळे इथले ख्रिस्ती थोडे जपूनच बोलतात. शुक्रवारी एका फ्लॅटमध्ये गिटारवर गाणी होतात, मग टेस्टिमनी. सगळे कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर, त्यामुळे साक्षही नीट मांडलेली: आधीची अवस्था, पालट, फळ. माझी पाळी आली की मी चहा करायला उठते.

पण या गुपचूप राहण्याच्या सोयीनंच मला शोध लावून दिला. कुणी बघत नसताना, कुणी मोजत नसताना काय उरतं? जेवणाआधीची प्रार्थना उरली. ऑफिसच्या कँटीनमध्ये ती डोळे न मिटता होते. वचनवाचन अनियमित उरलं. आणि एक गोष्ट अशी उरली की ती मला नकोशी वाटते, गैरसोयीची आहे, तरी जात नाही. आमच्या सोसायटीत कामवाल्या बायकांना रहिवाशांची लिफ्ट वापरायला बंदी आहे. त्यांनी सामानाच्या लिफ्टनं जायचं. ती बऱ्याचदा बंद असते. मग आमच्याकडे येणारी बाई अकरा मजले चढून धापा टाकत दारात उभी राहते. अशा वेळी मला नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. त्यांना नवऱ्यामागोमाग जाणं पटलं नव्हतं. त्या पाच वर्षं अडून राहिल्या. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे मनानं घेतल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचं पाणी, हा क्रम मला फार पटतो. त्या लिफ्टपाशी उभी राहिले की मला पणजोबांची विहीर दिसते, आणि राग येतो. हा राग मी शिकून आणलेला नाही, पाठ केलेला नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी विषय काढला. आधी शांतता, मग स्वच्छतेचे, सुरक्षेचे मुद्दे. सेक्रेटरी सौजन्यानं म्हणाले, ‘मॅडम, आप किसी एनजीओ से हैं?’

‘नहीं,’ मी म्हटलं, ‘मैं क्रिश्चियन हूँ.’

शेजारच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. इतकी वर्षं त्या मला गणपतीच्या आरतीला बोलवत होत्या. सेक्रेटरी गोंधळले. ‘वो तो ठीक है जी, पर उसका लिफ्ट से क्या लेना-देना?’

मग मला दुष्काळापासून सुरुवात करावी लागली. माझी हिंदी कच्ची, त्यात पणजोबा, विहीर, भाकरी. मागच्या रांगेतले दोघं उठून गेले. मतदान झालं, ठराव पडला. तीन हात माझ्या बाजूनं वर होते, त्यांत शेजारच्या बाईंचा एक. विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा असा अर्ज आम्ही दोघींनी मिळून दिला आहे. हिंदी त्यांनी तपासून दिली.