किती अँपिअरचं घेऊ?

वेल्डिंग मशीन घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती अँपिअरचं देऊ?" बुटाचा नंबर विचारावा तसा. २००, २५०, ३००. आकडा मोठा म्हणजे मशीन भारी, असं आपणही धरून चालतो. खरं तर हा प्रश्न शेवटचा. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: काय जोडायचंय, कुठे उभं राहून जोडायचंय आणि तिथली वीज कशी आहे.

माझ्या धाकट्या भावाने आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला. मग दोन वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारी केली. आता त्याला खडवलीत स्वतःचं काम सुरू करायचं होतं. आईची भिशी आणि माझी बचत मिळून ४० हजार रुपये होते. मी कल्याणला एका ऑफिसात हिशेब लिहिते. लोखंडाशी माझा संबंध नाही, पण हे पैसे गेले असते तर पुन्हा लवकर जमले नसते. म्हणून महिनाभर लोकलमध्ये बसून मी फक्त वेल्डिंगबद्दल वाचलं.

भावाचा जीव जडला होता टिगवर. त्याला कारण रील्स. नाण्यांची चळत आडवी करून ठेवावी तसा टिगचा टाका दिसतो. एका हातात टॉर्च, त्यात न वितळणारी टंगस्टनची सुई; दुसऱ्या हातात फिलरची काडी आणि भोवती आर्गॉन वायू. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, पातळ नळ्या यांच्यासाठी टिग हवंच. पण काम हळू चालतं आणि धातू अगदी स्वच्छ लागतो. गंजलेलं गेट घेऊन येणारा शेतकरी नाण्यांची चळत मागत नाही, त्याला संध्याकाळपर्यंत गेट हवं असतं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता सगळे मिगच घेतात." मिगमध्ये तार रिळातून आपोआप पुढे येते, रॉड बदलायला थांबावं लागत नाही. कारखान्यात एकसारखे शंभर तुकडे जोडायचे तर मिगच बरं. मात्र वितळलेल्या धातूवर वायूचं पांघरूण लागतं: कार्बन डायऑक्साइडचं, किंवा आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचं. वाऱ्याने ते उडालं की टाक्यात बारीक भोकं पडतात. भावाची शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. भातसा नदीकडून येणारा वारा आरपार जातो. शिवाय निम्मं काम गिऱ्हाइकाच्या दारात. खिडकीची ग्रिल, जिन्याचा कठडा, शेतात मोडून पडलेली ट्रॉली. सिलिंडर घेऊन तो कुठे कुठे फिरणार?

राहिला साधा आर्क. यात रॉडवरचं कोटिंगच जळून वायू आणि मळी तयार करतं, आणि तेच टाक्याला झाकतं. म्हणून उघड्यावर, थोड्याफार वाऱ्यातही काम होतं. मळी ठोकून काढावी लागते, रॉड संपला की नवा लावावा लागतो. पण एवढ्या कष्टाला भाऊ घाबरत नाही.

मग आली वीज, आणि हे गणित माझ्या हातचं होतं. जुना ट्रान्सफॉर्मर सेट चालला की आळीतले दिवे मिचमिचतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. कारण आता कळलं. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ११० अँपिअर लागतात. जुन्या सेटचं रिकामं व्होल्टेज ८० धरलं, तर ८० गुणिले ११० म्हणजे ८,८००. त्याला २३० ने भागलं की लाइनवर ३८ अँपिअरचा भार. त्याच कामाला इन्व्हर्टर मशीन सुमारे २० अँपिअर ओढतं. २.५ चा रॉड असेल तर घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवरही निभावतं. वर खांद्याला अडकवून नेता येतं.

खोक्यावरचा मोठा आकडाही मी तपासायला शिकले. त्याच्याजवळ ड्यूटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे १० मिनिटांतली ६ मिनिटं मशीन त्या करंटवर चालेल, उरलेली ४ थंड व्हायला. ही टक्केवारी किती तापमानाला मोजलीय तेही बघायचं. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली २० अंश तापमान नसतं.

जागा पाहून पद्धत ठरते, याचा पुरावा तर आमच्या दारावरूनच जातो. १८५५ साली वासिंदपर्यंत रेल्वे आली, तेव्हापासून खडवलीतून रूळ गेलेले आहेत. रूळ जोडायला थर्मिट वापरतात: ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवायचा, वितळलेलं लोखंड साच्यातून दोन रुळांच्या फटीत उतरतं. उष्णता मिश्रणातूनच येते, वीज लागतच नाही. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं. मोकळ्या ट्रॅकवर दुसऱ्या गाडीच्या आत काम आटपायचं असेल तर हेच सोयीचं. आपल्या गेटसाठी मात्र कुणी थर्मिट पेटवणार नाही.

शेवटी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन घेतलं. उरलेल्या पैशांत ग्राइंडर, जाड केबल, चांगलं अर्थिंग, हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि पावसाळ्यात रॉड कोरडे ठेवायला घट्ट झाकणाचा डबा. हेल्मेटवरून दोघांत वाद झाला. भाऊ म्हणाला, "ताई, साधी काच चालते." मी पैसे देणारी होते, त्यामुळे चालली नाही. बाबा रात्री डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून कण्हत पडायचे, ते आम्ही दोघांनी पाहिलंय.

पहिलं काम एका घराच्या गच्चीच्या कठड्याचं. टाके सरळ होते, रीलमध्ये शोभतील असे नव्हते. त्याने मळी झाडली, रंग लावण्याआधी कठड्यावर सगळा भार टाकून जोरजोरात हलवून पाहिलं. त्या घरात दोन लहान मुलं आहेत.