धरसोड

प्रगतिपुस्तकात एका मुलापुढे मी कधीकाळी शेरा लिहिला होता, ‘हुशार आहे, पण धरसोड फार.’ आज भूमिती, उद्या चित्रं, परवा शाळेच्या बागेत गांडुळं मोजत बसलेला. तो शेरा वाचून वडिलांनी त्याची चित्रांची वही फाडली. हे मला त्याच्या बहिणीकडून कळलं, तेही निवृत्त झाल्यावर.

परवा हेगन बेली या ब्रिटिश शास्त्रज्ञाविषयी वाचताना तो शेरा आठवला. मूळचा रसायनशास्त्राचा माणूस. हार्वर्डला पीएच.डी. केली, मग एमआयटीत आपल्या हरगोविंद खुरानांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांवर काम. म्हणजे जीवभौतिकी. पुढे प्रथिनं हवी तशी बदलून घडवणं, त्यापुढे नॅनो-जैवतंत्रज्ञान. गावंही तशीच, वूस्टर काय, टेक्सास काय, २००३ मध्ये ऑक्सफर्ड. मी काय शेरा लिहिला असता, सांगायला नको!

पण नीट वाचलं तर हा गृहस्थ वर्षानुवर्षं एकाच भोकापाशी बसलेला दिसतो. लहानपणी गळू झालं की आई पोटीस बांधायची ना, ते गळू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतं. हा जंतू एक विषारी प्रथिन सोडतो, अल्फा-हिमोलायसिन. त्याचे सात रेणू पेशीच्या आवरणावर भोंडल्यासारखा फेर धरतात आणि मधोमध आरपार भोक पाडतात. तांबडी पेशी त्याने फुटते. बेली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. सर्वांत अरुंद जागी भोक १.४ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

या भोकातून विजेचा बारीकसा प्रवाह सोडायचा. एखादा रेणू आत शिरला की प्रवाह कमी होतो आणि किती कमी झाला त्यावरून रेणू ओळखायचा. वर्गाच्या दारात कोणी उभं राहिलं की उजेड किती अडतो, त्यावरून मान वर न करता मी मुलं ओळखत असे, तसंच काहीसं. त्याच १९९६ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने डीएनएचा धागा यातून ओवून दाखवला. बेलींनी प्रथिनाच्या आत फेरबदल केले, १९९९ मध्ये त्यात साखरेच्या रेणूंचं एक कडंच बसवलं. २००९ मध्ये डीएनएची चारही अक्षरं त्यातून सुटी सुटी ओळखता आली. २००५ मध्ये त्यांनी काढलेल्या कंपनीचं खिशात मावणारं यंत्र २०१५ मध्ये गिनीत इबोलाचा विषाणू जागेवरच वाचायला वापरलं गेलं, २०१६ मध्ये अंतराळस्थानकातही गेलं.

आणि गंमत बघा, २०१६ पासून त्या यंत्रात गळवाच्या जंतूचं नव्हे, इ. कोलायपासून घेऊन बदललेलं वेगळंच प्रथिन आहे. इतकी वर्षं धरलेलं शेवटी सोडलंच की! ते वाचून मी चष्मा काढून बराच वेळ नुसतीच बसले.

तो मुलगा दर दिवाळीत फोन करतो. तब्येत विचारतो, मुलांचं सांगतो. वहीचा विषय त्याने कधी काढलेला नाही. मीही नाही.