टिकलीखालची जागा

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या जवळा बाजारातही लोक खुशीत होते. जिल्हा एकच, आणि हळद शिजवतानाचा वास सगळ्यांच्याच नाकात बसलेला. मला त्या बातमीनं आजीचं कुंकू आठवलं. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात भिजवायचे, त्यात टाकणखार घालायचा, सावलीत वाळवायचे आणि खलबत्त्यात कुटायचे. टाकणखारातल्या बोरॉनची हळदीच्या रंगाशी गाठ पडली की पिवळ्याचं लाल होतं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, आजीचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. कपाळाला मेण लावून त्यावर ती कुंकू टेकवायची.

आईच्या वेळेपर्यंत हा खटाटोप संपला. बाजारात तयार डबी मिळू लागली. तिचा लालपणा बऱ्याचदा कारखान्यातल्या रंगाचा असे, आणि त्यानं गल्लीतल्या कितीतरी बायांची कपाळं काळवंडली. त्या काळ्या डागाला कोणी फारसं काही म्हणत नसे. "कुंकू बाधलं" म्हणायचं, विषय संपला.

मग टिकली आली. उन्हात निंदायला जाणाऱ्या बाईचं कुंकू दुपारपर्यंत घामानं नाकावर उतरायचं. टिकली उतरत नव्हती. मरून, मखमली, पाकिटात ओळीनं बसलेली. आई रात्री ती आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत कपाळाला. आमच्या आरशाच्या कडेला टिकल्यांची रांगच असे, मी त्यातली एखादी बाहुलीला लावली की ओरडा खायची.

आधी नुसती खाज सुटली. टिकली काढली की जागा लालसर दिसायची. काही महिन्यांनी ती फिकट झाली, मग पांढरी. आईनं जरा मोठी टिकली घेतली. डाग पसरला, तशी टिकलीही वाढली. शेवटी हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं आपलं बोट आईच्या कपाळापाशी थांबवलं आणि विचारलं, "काय वं, हे कोड तर न्हाई ना?"

गावात पांढऱ्या डागांचे प्रकार काही कमी नव्हते. भावाच्या गालांवर फिकट चट्टे होते, ते जंतांचे म्हणून त्याला दर उन्हाळ्यात औषध पाजायचे. खरं तर तो कोरड्या कातडीचा साधा त्रास, लहान मुलांत पुष्कळ दिसणारा, तेला-मलमानं आणि वयानं जाणारा. पाठीवर शिबं असणारे तर घरोघरी. ती घामट कातडीवर वाढणारी बुरशी. कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा. तो फिकट असतो, पण दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथं स्पर्श कळत नाही. एवढा फरक कोण करणार? पांढरं दिसलं की पोरीचं लग्न आठवायचं, आणि ज्यांच्या घरात लग्नाची पोर नाही त्यांनाही दुसऱ्याची आठवायची.

आईला लोकांनी दूध आणि मासळी एकत्र खाल्लीस का विचारलं. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती. आंबट बंद झालं. कोणीतरी बावचीचं बी वाटून लावायला दिलं. बावची थोतांड नाही. अथर्ववेदातही कातडीवरच्या या डागांसाठी सूक्तं आहेत, म्हणजे वनस्पती लावून रंग परत आणायची धडपड फार जुनी. बावचीतला सोरालेन हा घटक आणि ठरावीक अतिनील किरण मिळून आधुनिक दवाखान्यातही उपचार झाले. पण तिथं मात्रा मोजतात. आईनं लेप लावला आणि शेतात गेली. कपाळावर फोड आले.

शेवटी परभणीच्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईचे ओठ पाहिले, बोटं पाहिली, कोपर पाहिले. मग टिकली मागितली आणि तिची मागची बाजू बघत बसले. दोष गोंदात होता. टिकलीच्या काही गोंदांत पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी ज्या टायरोसिनपासून रंग बनवतात, त्याच्याशी या रसायनाची ठेवण मिळतीजुळती. पेशी फसते, त्याला आत घेते आणि मरते. रबरी चपलांमधल्या काही रसायनांनीही असंच होतं. पायावर पट्ट्याच्या आकाराचा पांढरा डाग उठतो. टिकली कायमची बंद, मलम, सकाळचं थोडं ऊन, असं सांगून त्यांनी पाठवलं. टिकली सोडली नाही तर डाग दुसरीकडेही उठू शकतात, असा दमही दिला.

रंग परत आला, पण कडेकडून येईल असं आम्ही समजत होतो तसा नाही. डागाच्या मधोमध तपकिरी ठिपके उमटले. कपाळावरच्या बारीक लवेच्या मुळाशी रंगाच्या पेशींचा साठा शिल्लक असतो, तिथून त्या बाहेर सरकतात. ठिपके एकमेकांना मिळत गेले. आई पुन्हा मेण आणि कुंकवावर आली.

आणि तिनं गल्लीभर सांगितलं, "कोड न्हाई बरं का! गोंद होता गोंद!" तिचा आवाज मुळात मोठा. ती हे ओट्यावरून सांगत होती आणि आत धाकटी मावशी भाकरी थापत होती. मावशीच्या बोटांच्या टोकांवर, ओठांवर आणि कमरेला परकराच्या नाडीच्या जागी कोड होतं. ते गोंदाचं नव्हतं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच रंगाच्या पेशींवर उलटते, तसलं. जिथं सारखं घासतं तिथं ते बऱ्याचदा उठतं. बोटांच्या टोकांना आणि ओठांना लव नाही, म्हणून तिथं रंगाचा साठाही नाही, आणि उपचारांना तिथले डाग सहसा दाद देत नाहीत. मावशीनं मलमं लावली, नांदेडला जाऊन किरण घेतले. कमरेचं भरलं, बोटांचं राहिलं. स्थिर झालेल्या डागावर निरोगी जागेची कातडी किंवा पेशी रुजवतात, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती नको म्हणाली. आमच्या घराला झालेला तो आनंद किती कोता होता, हे मला त्या दिवशी नाही, बऱ्याच वर्षांनी उमगलं.

मुंबईत 1996 साली मायकल जॅक्सन आला, तेव्हा पेपरातला त्याचा फोटो बघून मावशी म्हणाली, "ह्याला बी हाये म्हणं. ह्याला कोण ईचारतं?" त्याच्या स्मृतिदिनी, 25 जूनला, आता जागतिक कोड दिन असतो. पुढे 2006 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' आला. त्यात कोड असलेली डॉक्टर मुलगी देविका दफ्तरदारनं केली. तो मी मावशीला दाखवला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे, ज्यांना स्वतःला कोड आहे, श्वेता असोसिएशन चालवतात हेही सांगितलं. मावशीला सिनेमातलं घर फार मोठं वाटलं. "एवढी जागा असली की माणसं समजूतदार व्हत्यात," एवढंच तिचं परीक्षण.

गेल्या वर्षी भाचीला बघायला पाहुणे आले. ट्रे मावशीच्या हातात होता. पाहुण्यांपैकी एका बाईनं ती बोटं पाहिली आणि आईच्या कानाशी लागली. आईचा आवाज ऐंशीच्या घरातही उतरलेला नाही.

"हो, कोडच हाये. चहा तिनंच केलाय. घ्या."

दोघांनी कप उचलले. एकीला एकदम आठवलं की आज तिचा उपास आहे.