वाटणीत गेलेल्या सीड्या

घराची वाटणी होते तेव्हा कागदावर काय काय चढतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. जागा, दागिने, परसातला नारळ, तांब्याचा बंब, देवघरातले टाक. पण काही वस्तूंची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. मुलं त्या आपापसात वाटून घेतात आणि मोठ्यांच्या ते गावीही नसतं. आमच्या घरात अशी एक वस्तू होती, ती म्हणजे व्हिडिओ गेमच्या सीड्या.

आमचं घर शहापुरातलं, दोन भावांचं एकत्र. २००६ साली माझ्या यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी निम्मे निम्मे पैसे घालून मुलांसाठी मुंबईहून प्लेस्टेशन २ आणलं. जुनंच घेतलं होतं, पहिल्या प्रकारचं, जाडजूड, व्हीसीआरसारखं दिसणारं. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा आणि पुतण्या नऊचा. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जूनमध्ये लागला की अंगणातलं क्रिकेट बंद ते गणपतीपर्यंत. मग दोघंही टीव्हीसमोर बसून 'क्रिकेट ०७' खेळत. त्यात भारताच्या संघातल्या खेळाडूंची नावं खरी नव्हती, पण यांचं काही अडत नसे. खरी नावं ही दोघं तोंडानं घेत आणि कॉमेंट्रीही स्वतःच करत.

यजमान कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे घरात नकली सीडी येऊ द्यायची नाही हा त्यांचा कटाक्ष. मुलं वाढदिवसाचे आणि खाऊचे पैसे साठवून एकेक सीडी घेत. खरं तर त्यातल्या बहुतेक डीव्हीडी, पण आम्ही सरसकट सगळ्यांना सीडीच म्हणायचो. पाच वर्षांत सत्तावीस जमल्या.

२०११ मध्ये आम्ही वेगळे झालो. का झालो ते इथं सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांच्या घरी होतं तेच. दीर-जाऊ अनगोळला राहायला गेले. मुलांनी सीड्या वाटून घेतल्या. आम्हाला चौदा, त्यांना तेरा. यंत्र आमच्याकडे राहिलं आणि मेमरी कार्ड पुतण्या घेऊन गेला.

हे मेमरी कार्ड म्हणजे काय, ते समजून घेतलंत तर पुढची गोष्ट कळेल. गेमच्या सीडीवर फक्त खेळ असतो. तुम्ही खेळात कुठवर पोचलात, किती सामने जिंकलात, त्यातलं काहीही सीडीवर लिहिलं जात नाही. ते सगळं आठ एमबीच्या एका छोट्या कार्डावर साठतं. म्हणजे वाटणीनंतर स्थिती अशी झाली, की आमच्याकडे खेळ होता पण तो दर वेळी पहिल्या पायरीपासून, आणि त्यांच्याकडे पाच वर्षांच्या सगळ्या पायऱ्या होत्या पण यंत्र नव्हतं. दोन्ही घरांत अर्धं अर्धं, आणि कुणाच्याच उपयोगाचं नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं असं नव्हे. लग्नकार्याला भेटायचो, हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जायचो. पण बसायचो ते पुढच्या खोलीत. आतल्या स्वयंपाकघरापर्यंत जाणं काही राहिलं नव्हतं.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला, पुतण्या बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलानं माळ्यावरून ते यंत्र काढलं. चालू तर झालं, पण सीडी घातली की 'डिस्क रीड एरर' एवढंच दाखवी. आतली लेझरची भिंग थकलेली असते. सीडीही थकते. बेळगावच्या ओल्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या सीड्यांवर बुरशीचे जाळीदार ठिपके उठले होते. नवं यंत्र घ्यावं तर ते आता बनतच नाही. जगभर पंधरा कोटींहून जास्त प्लेस्टेशन २ विकली गेली, पण २०१३ च्या सुरुवातीपर्यंत कंपनीनं त्यांचं उत्पादन थांबवलं.

तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे सगळे खेळ हार्ड डिस्कवर घेता येतील. मग सीडी लावायलाच नको."

मला आधी वाटलं, हे काहीतरी आजकालचं तंत्र असणार. पण तसं नाही. त्या जाड्या यंत्राच्या पाठीमागे हार्ड डिस्क बसवायचा कप्पा मुळातच होता. कंपनीनं अमेरिकेत २००४ मध्ये चाळीस जीबीची हार्ड डिस्क त्यासाठी विकायलाही काढली होती, 'फायनल फँटसी ११' या खेळासोबत. त्याच वर्षी दुसऱ्यांनी बनवलेला 'एचडी लोडर' आला आणि अख्खी सीडी हार्ड डिस्कवर उतरवून तिथूनच खेळ चालवता येऊ लागला. त्याच वर्षी कंपनीनं यंत्राचा बारीक अवतार बाजारात आणला आणि त्यातून तो कप्पा काढून टाकला. आमचं यंत्र जुनं आणि जाडं होतं, तेच आता कामी आलं.

मुलानं पद्धत समजावून सांगितली, ती अशी. कप्प्यात हार्ड डिस्क जोडायला आधी नेटवर्क अडॅप्टर नावाची पट्टी पाठीमागे लावावी लागते. हार्ड डिस्क जुन्या कॉम्प्युटरमधली चालते. एका डीव्हीडीत साधारण ४.७ जीबी मावतात, म्हणजे सत्तावीस सीड्या पूर्ण भरलेल्या धरल्या तरी १२७ जीबी. आमच्या अडगळीतल्या कॉम्प्युटरची १६० जीबीची डिस्क पुरून उरली. यंत्र चालू करताच खेळांची यादी दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम वेगळ्या मेमरी कार्डावर ठेवावा लागतो. पेन ड्राइव्हवरूनही खेळ चालतात, पण या यंत्राचा यूएसबी जुन्या पद्धतीचा, सेकंदाला दीड एमबीसुद्धा पुरता ओढत नाही. डीव्हीडी त्याच्या तिप्पट वेगानं वाचली जाते. म्हणून पेन ड्राइव्हवर खेळातली मधली चित्रफीत अडखळत चालते, हार्ड डिस्कवर मात्र सुरळीत.

"पण आई," तो म्हणाला, "आपल्याकडे चौदाच आहेत."

उरलेल्या तेरा कुठं होत्या हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं पुतण्याला फोन केला असता तर झालं असतं. पण सीड्या अनगोळच्या घरात होत्या आणि ते घर जाऊबाईंचं. मीच जायचं ठरवलं. सकाळी कुंदा घेतला आणि रिक्षा केली.

"या की अक्का," जाऊबाई म्हणाल्या. पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी आढेवेढे न घेता सांगितलं, पोरांच्या सीड्या हव्यात. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कपाटात वर हाईत. माझा हात पोचत न्हाई. तुम्ही आत या आणि काढा बघू." मी आत गेले. स्टुलावर चढून डबा काढला. मेमरी कार्डही त्यातच होतं, पुतण्यानं खाऊच्या डबीत घालून त्यावर दोघांची नावं लिहून ठेवलेली. वाटणी झाली त्या वर्षीचं त्याचं अक्षर. जाऊबाईंनी ती डबी माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसली आणि परत माझ्या हातात दिली. चहा मग स्वयंपाकघरातच झाला.

सीड्या उतरवण्याचं काम चार दिवस चाललं. आधी प्रत्येक सीडी धुतली. साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. सीडीवरची माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा गेला तर यंत्र आजूबाजूच्या माहितीवरून तेवढी जागा भरून काढतं, पण ओरखडा त्या रेषेच्या बाजूनंच गेला तर सलग मोठा तुकडा जातो. खालच्या बाजूचे वरवरचे ओरखडे घासून काढता येतात. आत चकाकणारा थर खराब झाला असेल तर मात्र इलाज नाही.

धुतलेली सीडी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि तिची पूर्ण प्रत काढायची. एकेकीला पंधरा-वीस मिनिटं लागत. यंत्राची थकलेली लेझर जी सीडी वाचत नव्हती ती कॉम्प्युटरचा ड्राइव्ह पुष्कळदा वाचायचा. बावीस सरळ उतरल्या. तीन पॉलिश केल्यावर उतरल्या. दोन काही केल्या वाचल्या गेल्या नाहीत. 'क्रिकेट ०७' उतरली, हे आमचं नशीब.

यजमानांनी मात्र मध्येच खोडा घातला. "हे कायद्यात बसतं का?" त्यांनी पुस्तक काढलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२. ज्याच्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे त्यानं ती हरवू नये, नष्ट होऊ नये, बिघडू नये म्हणून तात्पुरतं संरक्षण म्हणून दुसरी प्रत करून ठेवली तर तो भंग होत नाही, असं त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षणाचं कुलूप फोडणं त्यानुसार गुन्हा. यजमानांनी दोन्ही वाचून निकाल दिला: सीड्या आपल्या, प्रत एकच, ती याच यंत्रासाठी. हार्ड डिस्कची दुसरी नक्कल करून कुणाला द्यायची नाही, अगदी पुतण्यालाही.

मुलगा म्हणाला, "मग तो खेळणार कसा?"

"येऊन खेळेल," यजमान म्हणाले.

तेव्हापासून पुतण्या गणपतीला आमच्याकडे येतो आणि राहतो. मे महिन्यात यंत्र पिशवीत घालून अनगोळला जातं. कार्डावरच्या त्या जुन्या पायऱ्या अजून जशाच्या तशा होत्या. दोघांनी २०११ मध्ये अर्धवट सोडलेली स्पर्धा पुढे चालू केली.

हे सगळं बघताना मला आपल्या जुन्या पोथ्यांची आठवण येते. छपाई येण्याआधी शेकडो वर्षं पोथी टिकली ती कपाटात ठेवून नव्हे, पुन्हा पुन्हा नकलून. कागद कुजायचा, वाळवी लागायची, पण त्याआधी कुणीतरी बसून नवी प्रत करायचा. नकलताना पाठात चुका शिरत. म्हणूनच एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. सीडीच्या नकलेत तेवढं बरं, की पूर्ण उतरलेली प्रत मुळाबरहुकूम असते आणि उतरली नाही तर यंत्र तसं सांगतं. पण कष्ट तोच. हार्ड डिस्क हीसुद्धा काही ताम्रपट नव्हे. आत चकती फिरते, कधीतरी थांबणार. तिच्यावरून पुढच्या डिस्कवर उतरवायचं काम कुणालातरी करावंच लागणार. एक सावधगिरी सांगते: ही डिस्क कॉम्प्युटरला जोडली की विंडोजला तिची मांडणी ओळखता येत नाही आणि तो ती नव्यानं तयार करू का, असं विचारतो. तिथं 'हो' म्हटलं की आतल्या खेळांचा पत्ता पुसला जायचा धोका.

कुणी म्हणेल, पोरांच्या खेळाला एवढं कशाला? पण २००९ मध्ये हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' याच यंत्रासाठी निघाला होता. कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ असलेला 'देसी अड्डा'ही त्याच वर्षीचा. या सीड्या आता कोण पुन्हा छापणार? ज्याच्या घरात आहे त्याच्याच घरात त्या उरल्या.

आणि आजचे खेळ तर सीडीवर नसतातच पुष्कळदा. पैसे भरले की ते सरळ हार्ड डिस्कवर येतात. सोयीचं आहे, पण दुकान बंद झालं की काय? निन्टेंडोनं २०२३ मध्ये दोन जुन्या यंत्रांवरचं ऑनलाइन दुकान बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं. तिथं आता नवी खरेदी होत नाही. वाटणीत अशा खेळाचं काय करायचं, तेही मला कळत नाही. आमच्या सीड्या निदान चौदा-तेरा करता तरी आल्या, आणि परत सत्तावीसही.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर पुढचा पावसाळा लागायच्या आत उघडा. सीड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. अर्ध्या दुसऱ्या कुणाकडे असतील तर फोन न करता स्वतः जा.

आमच्या त्या दोन न वाचलेल्या सीड्याही मी टाकलेल्या नाहीत, बाकीच्यांबरोबर डब्यात ठेवल्या आहेत. जाऊबाईंनी त्यांच्या तेरा अजून परत मागितलेल्या नाहीत. मीही नेऊन दिलेल्या नाहीत.