वारज्याच्या गच्चीवरून मृग नक्षत्र

मुठेकाठचे वारजे एके काळी शेतीचे गाव होते. आज तेथून मुंबई-बंगळूर महामार्ग वाहतो. कडेला गॅरेजे, वेल्डिंगची दुकाने, आणि मागे दाटीवाटीची घरे. दिव्यांच्या झगमगाटात आकाश हरवल्यासारखे वाटते. तरी जानेवारीत रात्री जेवणे आटोपल्यावर गच्चीवर जावे. मृग नक्षत्र सहज सापडते. मध्ये एका ओळीत तीन तारे, तो बाण. वरच्या अंगाला तांबूस काक्षी, खालच्या अंगाला निळसर पांढरा राजन्य.

रंगावरून उष्णता कळते. भट्टीतले लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश तापलेला आहे, तर बाणाचे तारे 25,000 अंशांहून अधिक.

पण ते कशाचे बनले आहेत? तेथे जाऊन कोणी पाहिले? याचे उत्तर प्रकाशात आहे. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळी होते. ती खूण मिठातल्या सोडियमची. जुनी सीडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरा, रंगांचे वेगळे पट्टे दिसतील. (सूर्याकडे मात्र असे पाहू नका.) ताऱ्याचा प्रकाश असाच पसरला की रंगांच्या पट्टीत काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. हाच वर्णपट.

हे काम आपल्या पुण्यातही झाले. वारज्याहून बसने शिवाजीनगरला गेले की अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. पूर्वीचे हे सायन्स कॉलेज. तेथे 1888 साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी तेथून याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि निष्कर्ष 1891 मध्ये प्रसिद्ध केले. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली व तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

एक कोडे मात्र उरले होते. बाणाच्या ताऱ्यांत हेलियमच्या रेघा ठळक, थंड ताऱ्यांत त्या दिसतच नाहीत. मग थंड ताऱ्यांत हेलियम नाही काय? 1920 साली डॉ. मेघनाद साहा यांनी हे कोडे सोडवले. उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन निखळतात आणि त्याच्या रेघा बदलतात. थंडीत हेलियम असूनही गप्प राहतो. म्हणून आधी ताऱ्याचे तापमान काढायचे, मगच रेघेवरून द्रव्याचे प्रमाण मोजायचे. साहांचे सूत्र वापरून सेसिलिया पेन या तरुणीने 1925 मध्ये अमेरिकेत दाखवले की, बहुतेक सारे तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचेच आहेत. थोरल्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. आपले आकडे बहुधा खरे नसावेत, असे तिला प्रबंधात लिहावे लागले. 1929 मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी तिचे म्हणणे मान्य केले.

हे साहा कोण? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी जातीवरून त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला होता. पुढे दामोदर नदीच्या पुरावर उपाय शोधण्याच्या कामात साहांचा वाटा होता, आणि मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी त्या योजनेला आकार दिला. दोघेही 1956 सालीच गेले.

जो मुलगा पंगतीत चालला नाही, त्याने साऱ्या जगाला तारे वाचायला शिकवले. वर दिसते त्यावरून आतले ठरवू नये, हे त्याचे गणित. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही आपल्या तथागतांचीही शिकवण. तेव्हा कुंडलीवाल्याला दक्षिणा देऊन मृग नक्षत्र विचारण्यापेक्षा मुलांना गच्चीवर न्या. 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेत न्या. तेथे त्यांना प्रश्न विचारू द्या. लाजू देऊ नका.

जयभीम.