नाव कुणासाठी?

शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन फॉर्मची ती शेवटची तारीख होती. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एकच जुना कॉम्प्युटर आहे. ऑफिस सुटल्यावर मी तिथे पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. धुणीभांडी करून घर चालवणारी एक ताई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन दोन तासांपासून बसली होती. फॉर्ममध्ये फोटो ५० केबीच्या आत हवा होता. मोबाईलवर काढलेला फोटो तीन एमबीचा, म्हणजे तीन हजार केबीच्याही वर. तो लहान झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

नेमके हेच काम करणारे सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरमध्ये होते. माझ्या पुतण्यानेच ते तयार केले होते. स्क्रीनवर त्याचा आयकॉन होता आणि खाली नाव होते, ‘पिको’.

“ताई, हे समोरच होतं की!” मी म्हणालो.

“भाऊ, पिको म्हणजे साडीला करतात ते ना? मला वाटलं कुणाच्या तरी शिवणकामाचं असेल.”

मुलगी हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. फॉर्म कसाबसा रात्री अकरा वाजता गेला. थोडा उशीर झाला असता तर तिच्या वर्षभराच्या पैशाचा प्रश्न होता.

रविवारी पुतण्याला विचारले, “हे नाव का ठेवलंस?”

“काका, शास्त्रात पिको म्हणजे एकाचा एक लाख कोटीवा भाग. फोटो एवढासा होतो म्हणून पिको!”

पोराची हुशारी खरी. त्याने ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स ठेवले आहे. कुणीही फुकट घ्यावे, त्याचा प्रोग्राम वाचावा, दुरुस्त करावा. मी म्हणालो, “दार सगळ्यांना उघडं ठेवलंस, पण पाटी अशी लावलीस की आत काय आहे ते कुणाला कळूच नये.”

त्याला राग आला. पण रागातच त्याने शोध घेतला आणि स्वतःच वरमला. ‘पिको’ नावाचे सॉफ्टवेअर आधीच होते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पाईन’ या ई-मेल प्रोग्रामबरोबर आलेला तो मजकूर लिहिण्याचा एडिटर. पुढे 1999 मध्ये त्याच्यासारखा मुक्त एडिटर कुणी केला. त्याचे नाव ठेवले ‘टिप’, म्हणजे ‘टिप इज नॉट पिको’. पण ‘टिप’ नावाचा वेगळाच प्रोग्राम आधीपासून चालू होता. शेवटी 2000 च्या जानेवारीत त्याचे नाव ‘नॅनो’ केले. आजही तो त्याच नावाने चालतो.

“मग साधं ‘कन्व्हर्ट’ ठेवतो,” पुतण्या म्हणाला. त्याच्या सॉफ्टवेअरच्या पोटात ‘इमेजमॅजिक’ काम करते आणि तिच्या जुन्या आज्ञेचे नाव हेच. पण तीही गंमत त्यानेच सांगितली. विंडोजमध्येही ‘कन्व्हर्ट’ नावाची आज्ञा आहे, आणि ती फोटोला हात लावत नाही. ती डिस्कची मांडणी बदलते! एकाच नावामुळे लोकांचा गोंधळ व्हायचा. पुढे इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत आज्ञेचे नाव ‘मॅजिक’ झाले. म्हणजे नाव सोपे असून भागत नाही. काय बदलायचे तेही त्यात यावे लागते.

मग ‘गिम्प’चा विषय निघाला. फोटो दुरुस्तीचे हे नामांकित मुक्त सॉफ्टवेअर. पण इंग्रजीत हा शब्द पायाने अधू माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. नाव बदला, अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. तेव्हा 2019 मध्ये काहींनी ‘ग्लिम्प्स’ नावाने वेगळी आवृत्ती काढली. ती 2021 मध्ये बंद पडली. “नावात काय एवढं?” पुतण्या म्हणाला. मी म्हणालो, “हे दुसऱ्या कुणी विचारलं तर ठीक, आपण विचारू नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू अशी नावं होती. पुढच्या पिढीत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता आले. माणसं तीच होती, पण हाक मारताच मान वर व्हायला लागली.” तो गप्प झाला.

संध्याकाळी आम्ही दोघे त्या ताईंच्या घरी गेलो. पुतण्याने विचारले, “मावशी, सायबर कॅफेत गेल्यावर तुम्ही काय सांगता?”

“काय सांगणार? फोटोचे केबी कमी करून द्या म्हणते.”

नाव सापडले! ‘फोटो केबी कमी’. त्याखाली एक ओळ घातली, ‘फोटो किंवा सहीची फाईल हव्या तेवढ्या केबीत बसवते.’ या नावाचे दुसरे काही नाही ना, तेही पुतण्याने आधी पाहून घेतले.

नावात ऐट काहीच नाही. मित्र हसतील, असे पुतण्याला वाटत होते. पण परवा अभ्यासिकेत एक आजोबा नातवाचा फॉर्म भरायला आले. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनवरची अक्षरे जुळवत वाचली आणि कुणालाही न विचारता त्याच आयकॉनवर बोट ठेवले.

आपली मुले-मुली आज कॉम्प्युटर शिकत आहेत, स्वतः सॉफ्टवेअर करत आहेत. याचा अभिमान आहेच. त्यांना एवढेच सांगणे आहे, बाळांनो, नाव ठेवण्याआधी ते वापरणाऱ्याच्या तोंडचा शब्द ऐका. करणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊकच असते. ते नाव वाचायचे असते दुसऱ्यांना, आणि त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो.