पहिल्या दिवशी पैसे मोजणारा माणूस

पोस्ट मोठी आहे आणि विषय व्हिडिओ गेमचा आहे. "या वयात गेम?" असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. दिवसभर नगरपालिका, तहसील, पोलीस स्टेशन फिरून आल्यावर कुणी सिरीयल बघतं, कुणी आयपीएल. मी रात्री जेवण झाल्यावर तासभर कॉम्प्युटरवर गेम खेळतो. गावाच्या बातम्यांसाठी मला फॉलो करणाऱ्यांनी थोडा धीर धरा, शेवटी गाडी आपल्या गावातच येणार आहे.

गेम खेळणाऱ्यांची एक आवडती गोष्ट आहे. गेम आला, आपटला, लोकांनी शिव्या घातल्या, कंपनीनं मान खाली घालून काम केलं, गेम सुधारला आणि सगळ्यांनी माफ केलं. ऐकायला गोड गोष्ट आहे, आणि पुष्कळदा खरीही आहे. माझे दोन लाडके गेम याच रांगेतले. पण ही गोष्ट सांगताना एक माणूस हळूच गायब होतो: ज्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मोजले तो. आजची पोस्ट त्याच्यासाठी.

आधी 'नो मॅन्स स्काय'. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीनं तो ऑगस्ट २०१६ मध्ये आणला. पंधरा-वीस माणसांची टीम, पण वायदा अख्ख्या विश्वाचा. गणिती सूत्रांवर तयार होणारे ग्रह, आणि त्यांची संख्या १८ वर १८ शून्यं! किंमत मात्र मोठ्या कंपन्यांच्या गेमइतकीच, ६० डॉलर. कंपनीचे शॉन मरे मुलाखतींतून सांगत होते, की विश्व इतकं अफाट आहे की दुसरा खेळाडू भेटणं अवघड, पण भेटू शकतो. मग गेम आला आणि पहिल्याच दिवसांत दोघं जण ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. दोघांनाही एकमेक दिसेना. कारण ती सोय गेममध्ये नव्हतीच.

बोंबाबोंब झाली आणि कंपनी गप्प बसली. खुलासा नाही, भांडण नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिलं मोठं अपडेट आलं, त्यात घर बांधायची सोय. जुलै २०१८ च्या अपडेटमध्ये माणसं खरोखर एकमेकांना दिसू लागली. आजतागायत अपडेट येतायत आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून वर एक पैसा घेतलेला नाही. स्टीम या दुकानावर खेळाडूंच्या मतांवरून गेमला एकूण शेरा मिळतो. तिथे तळाला गेलेल्या या गेमला 'व्हेरी पॉझिटिव्ह' शेऱ्यापर्यंत पोचायला २०२४ उजाडलं. आठ वर्षं! मी तो सेलमध्ये अर्ध्याहून कमी किमतीत घेतला, सगळं दुरुस्त झाल्यावर. थोडक्यात, शिव्या दुसऱ्यांनी दिल्या, पूर्ण पैसे दुसऱ्यांनी भरले आणि पिकलेला आंबा माझ्या हातात पडला.

दुसरा 'सायबरपंक २०७७'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा, १० डिसेंबर २०२० ला आला. चांगल्या कॉम्प्युटरवर तसा बरा चालायचा, पण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या मशीनवर त्याची पार दैना. गेम मध्येच बंद पडायचा, चेहरे धूसर, रस्त्यावरची माणसं हवेत. आठव्या दिवशी सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि रिफंड देऊ केला. तो परत यायला जून २०२१ उजाडला.

यातला पत्रकारांशी संबंधित भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. परीक्षणासाठी समीक्षकांना सुरुवातीला दिलेल्या प्रती कॉम्प्युटरच्या होत्या. जुन्या मशीनच्या प्रती मात्र उशिरा दिल्या. शिवाय समीक्षणात स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायचं नाही, कंपनीनं दिलेलंच वापरायचं, अशी अट. आमच्यापैकी ज्यांनी मंत्र्यांचा पाहणी दौरा कव्हर केलाय त्यांना ही पद्धत नवीन नाही. गाड्यांचा ताफा चांगल्या रस्त्यानं जातो, फोटो चांगल्या रस्त्याचा येतो, आणि मागच्या गल्लीत गुडघाभर चिखल तसाच.

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचे एक संस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. निर्णय आम्हा वरच्यांचा होता, खालच्या टीमला दोष देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. याचं श्रेय द्यायला हवं, कारण आपल्याकडे असल्या वेळी निलंबन कनिष्ठ अभियंत्याचं होतं. पुढे अडीच वर्षं डागडुजी चालली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये २.० हे मोठं अपडेट आलं. पोलिसांचं वागणं, खेळाडूची कौशल्यं, गाडीतून मारामारी, सगळं नव्यानं बसवलं. आजचा सायबरपंक हा मी खेळलेल्या उत्तम गेमपैकी एक आहे, यात वाद नाही.

पण ते २.० प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालंच नाही. जुनी मशीन पेलणार नाहीत, हे कारण तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. नवं मशीन घेतलं तर गेमची नवी आवृत्ती फुकट होती, हेही खरं. पण मशीन कुणी घ्यायचं? ज्या घरात पहिल्या दिवशी गेम फसला, ज्यांच्या आरडाओरड्यानं दुरुस्ती सुरू झाली, त्या घरात ती दुरुस्ती पूर्णपणे पोचली नाही. लग्न यांचं आणि पंगतीत ताट दुसऱ्यांचं.

तिसरं उदाहरण जपानचं, 'फायनल फँटसी १४'. हा मी खेळलेला नाही, पण याची हकीकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि साफ पडला. स्क्वेअर एनिक्सच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबरमध्ये प्रमुख बदलून नाओकी योशिदा यांच्याकडे जबाबदारी दिली. महिन्याची फी घ्यायचा हा गेम, पण गेम धड होत नाही तोवर फी घ्यायची नाही असं ठरलं, आणि जानेवारी २०१२ पर्यंत घेतली नाही. एकीकडे जुना सुधारत, दुसरीकडे नवा बांधत राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुन्या गेमच्या जगावर कथेतच चंद्र पाडून तो संपवला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवा आणला. पडत्या काळात ज्यांनी किमान तीन महिन्यांची फी भरली होती, त्यांना पुढे कायमची कमी फी लावली आणि त्यांच्या पात्रांची नावं गेमच्या श्रेयनामावलीत घातली. पहिला माणूस कुणीतरी लक्षात ठेवला!

सगळ्यांचं असं होत नाही. 'अँथम' नावाचा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला आणि फसला. नव्यानं करू म्हणाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम बंद केल्याचं जाहीर झालं. म्हणून "थांबा, सुधारेल" या वाक्यावर पैसे लावू नयेत. सुधारलेल्यांच्या गोष्टी होतात, न सुधारलेल्यांचं नावही कुणी काढत नाही.

आम्ही लहान असताना टीव्हीला जोडायचा गेम असायचा, मारिओ आणि काँट्राची कॅसेट टाकून. एकदा कॅसेट विकली की कंपनीला त्यात काही बदलता यायचं नाही, त्यामुळे जे करायचं ते आधीच करावं लागायचं. इंटरनेट आलं आणि नंतर दुरुस्तीची सोय झाली. सोय चांगलीच आहे, पण सोयीची सवय झाली आणि वरातीमागून घोडं हाच रिवाज पडला. शिवाय ते घोडं आमच्यासारख्या गावात पोचायला वेळ लागतो. अपडेट तीस-चाळीस जीबीचं, आणि जेसीबीनं फायबरची वायर तोडली की दोन दिवस नेट गायब. पुण्यातल्या मुलाला संध्याकाळी दुरुस्त झालेला गेम इथल्या मुलाला पुढच्या आठवड्यात मिळतो.

आता आपल्या गावाकडे. आपल्याकडेही आधी लोकार्पण होतं, काम नंतर. फीत कापतात, पेढे वाटतात, आणि नव्या शौचालयाला पाण्याचं कनेक्शन नसतं. नवी पाण्याची टाकी झळकते, पाइपलाइन अर्ध्यावर. आणि मी लिहिलं की कमेंट ठरलेली: "साहेब, तुम्ही कायम निगेटिव्हच लिहिता. होईल हळूहळू." या 'होईल'वाल्यांना माझा एकच निरोप आहे. वरचे गेम 'होईल हळूहळू' म्हणणाऱ्यांमुळे सुधारले असं मला वाटत नाही. पैसे परत मागणाऱ्यांनी, वाईट शेरा देणाऱ्यांनी आणि तो शेरा वर्षानुवर्षं तिथंच राहू देणाऱ्यांनी कंपन्यांची झोप उडवली. आणि काम खरंच झाल्यावर त्यातल्याच कित्येकांनी शेरा बदललाही. तक्रार करणारा दुष्मन नसतो, बाबांनो. त्याचे पैसे अडकलेले असतात.

गेमला निदान रिफंडचं बटण आहे. घरपट्टीला ते नाही. म्हणून आपला शेरा आपल्यालाच लिहावा लागतो, आणि काम सुधारलं तर तेही मोठ्या मनानं लिहावं लागतं.

तर कमेंटमध्ये सांगा. आपल्या वॉर्डातलं असं एक काम, जे फीत कापल्यावर दुरुस्त झालं. आणि एक असं, जे अजून पेढ्यांवरच अडकलंय. कामाचा बोर्ड असेल तर त्याचा फोटो टाका, तारखेसकट. दोन्ही प्रकारच्या कामांवर मी स्वतः जाऊन येणार आहे. झालंय त्याचं कौतुक करीन, आणि नाही झालं तिथे पहिल्या दिवसापासून रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच आधी विचारीन.